पावसाचा हिशेब

सरासरी हा शब्द आमच्या घरांत फार दिवस आप्तवाक्यासारखा मानला जाई. वडिलांनीं रोजचा पाऊस मापून वहींत टिपून ठेविला होता. आणि आम्ही गणित शिकलेले, म्हणून त्या वहीचे भाष्यकार झालों होतों. खामगांव कापसावर वाढलें. १८७० सालीं जलंबहून येथें आगगाडीचा फांटा आला, तोहि कापसासाठींच. तेव्हां पेरणीचा दिवस ठरविणें ही येथें केवळ शेतकऱ्याची नव्हे, साऱ्या गांवाची चिंता असते.

कांहीं वर्षांपूर्वीं मृगांत एक दमदार सर आली. थोरल्या बंधूंनीं विचारलें, "पेरावें काय?" आम्हीं वही चाळली. त्या पंधरवड्यांतील निम्मे दिवस पावसाचे दिसले. नाणें उडवावें तसा प्रत्येक दिवस स्वतंत्र धरून आम्हीं हिशेब केला: पुढचे दहाहि दिवस कोरडे जाण्याचा संभव १०२४ मध्यें एक! "खुशाल पेरा," आम्हीं सांगितलें. त्यापुढें तेरा दिवस ढग नुसते येऊन गेले. कोंब करपले, दुबार पेरणी करावी लागली. बंधूंनीं एक शब्दहि काढला नाहीं. त्याचेंच आम्हांस अधिक वाईट वाटलें.

चूक गुणाकारांत नव्हती, संभाव्यतेचें वितरण निवडण्यांत होती. सूत्र हातीं घेण्यापूर्वीं घटनेची जात विचारावी लागते. ती मोजण्याची आहे कीं मापण्याची? एक घटना दुसरीस ओळखते कीं नाहीं? १८९८ सालीं बोर्टकीविच ह्यानें प्रशियन सैन्यांत घोड्याच्या लाथेनें झालेल्या मृत्यूंचा हिशेब प्रसिद्ध केला. दहा सैन्यदळांच्या वीस वर्षांच्या दोनशें नोंदींपैकीं १०९ नोंदींत एकहि मृत्यु नव्हता. प्वासाँचें सूत्र सुमारें १०८.७ सांगतें. तें इतकें जुळलें, कारण एका घोड्याची लाथ दुसऱ्या घोड्यास ठाऊक नसते.

पावसाचें तसें नाहीं. आजची उघडीप उद्याच्या उघडिपीस हात धरून आणते. समजा, कोरड्यामागून कोरडा व ओल्यामागून ओला दिवस येण्याचा संभव पाऊण आहे. तरीहि एकंदरींत निम्मे दिवस ओलेच राहतात. सरासरी तीळभर बदलत नाहीं. परंतु एकदां कोरडा दिवस पडला, कीं पुढचे दहाहि कोरडे जाण्याचा संभव अठरांत सुमारें एक होतो. सरासरी तीच, आणि संकट पन्नासपटींहून मोठें! पाऊस किती पडेल हा प्रश्न आणखी निराळा. रोजच्या पावसाचे आंकडे शून्याजवळ दाटतात आणि क्वचित् फार दूर जातात. तेथें घंटेच्या आकाराचा सुबक वक्र उपयोगी नाहीं, गॅमा वितरण अधिक जुळतें.

आमच्याच जिल्ह्यांत भेंडवळ येथें अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे पावसाचें भाकीत ऐकावयास लोक जमतात. आम्ही सुशिक्षित त्यांस हंसत असूं. पण तेथें घट मांडतात, आम्हीं नाणें मांडलें होतें; पावसानें दोहोंपैकीं कोणासहि वचन दिलेलें नव्हतें.

आतां मृगांत बंधू विचारतात, तेव्हां आम्ही "पेरा" म्हणत नाहीं. संभव सांगतों, आणि तो कशावर उभा आहे तेंहि सांगतों. ते ऐकून घेतात, आणि पहिल्या सरीवर अर्धेंच बियाणें टाकतात.