वुडफर्ड चौकातले विद्यापीठ

आमच्या पिढीच्या मराठी माणसाला पोर्ट ऑफ स्पेन माहीत झाले ते क्वीन्स पार्क ओव्हलमुळे. 1971 चा मार्च. वाडेकरचा संघ, सरदेसाईचे शतक, कोवळ्या गावस्करचे पदार्पण आणि वेस्ट इंडिजवर भारताने मिळवलेला पहिलावहिला कसोटी विजय. एप्रिलमध्ये त्याच मैदानावर गावस्करने एका कसोटीत 124 आणि 220 धावा केल्या. पुढे त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरने त्याच्यावर कॅलिप्सो रचला. ही कथा आपण इतकी वर्षे घोळवून घोळवून सांगितली, पण त्या गावात तेव्हा राजकारणाची काय अवस्था होती, हे विचारायचे कुणाला सुचले नाही. दौरा संपून महिना-सव्वा महिना होतो न होतो तोच, 24 मे रोजी त्रिनिदाद-टोबॅगोमध्ये संसदेची निवडणूक झाली. सत्ताधारी पीपल्स नॅशनल मूव्हमेंटने 36 पैकी 36 जागा जिंकल्या. प्रमुख विरोधकांनी बहिष्कार टाकला होता आणि मतदारांतले जेमतेम एक तृतीयांश घराबाहेर पडले होते.

आता गंमत बघा. त्रिनिदादमधली जुनी माणसे आजच्या राजकारणावर वैतागून ज्या काळाची आठवण काढतात, तो काळ याच पक्षाचा आणि याच पंतप्रधानांचा. डॉ. एरिक विल्यम्स.

आठवण काढावी असे तिथे काही नव्हते, असे नाही. विल्यम्स हे ऑक्सफर्डचे इतिहासकार. वसाहतींतली गुलामी आणि इंग्लंडची भांडवलशाही यांचे नाते उलगडणारे त्यांचे पुस्तक 1944 मध्येच गाजले होते. 1955 मध्ये कॅरिबियन कमिशनमधली नोकरी संपली, तेव्हा ते थेट वुडफर्ड चौकात येऊन उभे राहिले आणि आपले म्हणणे त्यांनी लोकांपुढे मांडले. हा चौक म्हणजे शहराच्या मधोमध झाडांखालची एक बाग, शेजारीच विधिमंडळाची लालभडक इमारत, रेड हाउस. तिथे त्यांनी व्याख्याने सुरू केली. विषय कोणते? गुलामगिरीचा इतिहास, राज्यघटना, शिक्षण. गोदीतले हमाल, शिक्षक, कारकून उभ्याने ऐकत. विल्यम्सनी त्याला नाव दिले ‘वुडफर्ड चौकाचे विद्यापीठ’. आपल्याकडे जुने लोक शिवाजी पार्कच्या सभांबद्दल बोलताना जसे खुलतात, तसे तिथले लोक या व्याख्यानांबद्दल बोलताना खुलतात. जानेवारी 1956 मध्ये पक्ष स्थापन झाला आणि सप्टेंबरमध्ये 24 पैकी 13 जागा जिंकून सत्तेवर आला. असा झपाटा कुणालाही भुरळ घालील.

पण चौकातला वक्ता आणि रेड हाउसमधला पंतप्रधान या दोन निरनिराळ्या व्यक्ती होत्या, असे मला वाटत आले आहे. विल्यम्स कानाला श्रवणयंत्र लावत, आणि समोरचा रटाळ बोलू लागला की ते बंद करून टाकत, असे सांगतात. खरे-खोटे देव जाणे. पण लोकांना ते खरे वाटावे यातच बरेच काही आले. विरोधी पक्षनेते रुद्रनाथ कपिलदेव (लेखक नायपॉल यांचे मामा) तर काही काळ लंडनच्या विद्यापीठात गणित शिकवत शिकवत इकडे विरोधी पक्ष चालवत होते. सरकार एका विद्वानाचे, विरोध दुसऱ्या विद्वानाचा, आणि मतदार मात्र वंशाप्रमाणे विभागलेले: आफ्रिकी वंशाचे बहुतेक एकीकडे, ऊसमळ्यांवर करार करून आणलेल्या भारतीयांचे वंशज बहुतेक दुसरीकडे. ही रेघ तेव्हा आखली गेली, ती अजून पुरती पुसलेली नाही. 1981 मध्ये पदावर असतानाच विल्यम्स वारले. जवळजवळ पंचवीस वर्षे सलग एकाच माणसाच्या हाती कारभार.

तेव्हाची घटनाही अर्धी परकी होती. 31 ऑगस्ट 1962 ला स्वातंत्र्य मिळाले तरी राष्ट्रप्रमुख लंडनची राणीच राहिली. 1976 मध्ये प्रजासत्ताक झाले आणि गव्हर्नर जनरल एलिस क्लार्क हेच पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. माणूस तोच, पाटी बदलली! राष्ट्राध्यक्षाला दोन्ही सभागृहांचे सदस्य मिळून निवडतात. सेनेटमधल्या 31 पैकी 16 जण पंतप्रधान नेमतात, 6 विरोधी पक्षनेता आणि 9 जण राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या अखत्यारीत. हे नऊ अपक्ष नेमण्याचे कलम मला या व्यवस्थेतले सर्वांत चांगले वाटते. मूलभूत हक्कांना धक्का लावणारा कायदा करायचा तर प्रत्येक सभागृहात तीन-पंचमांश मते लागतात. सेनेटमध्ये सरकारची सोळा, हवीत एकोणीस. विरोधक अडून बसले, की मग या नवांची मनधरणी करावीच लागते. चौकात टाळ्या घेऊन भागत नाही.

1986 मध्ये आर्थर रॉबिन्सन यांच्या आघाडीने 33 विरुद्ध 3 असा धुव्वा उडवला, तेव्हा वंशाची रेघ पुसली असे लोकांना वाटले. दोन वर्षांतच आघाडी फुटली. मग 27 जुलै 1990 ला जमात-अल-मुस्लिमीन या कट्टरपंथी गटाच्या सशस्त्र माणसांनी रेड हाउसमध्ये घुसून पंतप्रधानांसह खासदारांना ओलीस धरले. रॉबिन्सन यांच्या पायाला गोळी लागली. बंदूक रोखलेली असतानाही त्यांनी बाहेरच्या सैन्याला पूर्ण ताकदीने हल्ला करा असेच सांगितले. चौकाच्या आठवणी सांगणारे या सहा दिवसांबद्दल फार बोलत नाहीत, आणि ते समजण्यासारखे आहे.

हेच रॉबिन्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि डिसेंबर 2001 च्या निवडणुकीत 18-18 अशी बरोबरी झाल्यावर त्यांनी पंतप्रधानपद बसदेव पांडे यांच्याकडून काढून पॅट्रिक मॅनिंग यांना दिले. सभागृह भरले तर सभापतीच निवडता येईना! दहा महिन्यांत पुन्हा निवडणूक. 2007 पासून जागा 41 झाल्या. विषम आकडा, शहाणपण आले, जरा उशिरा.

आज? 2010 मध्ये कमला पर्साद-बिसेसर देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, 2015 मध्ये हरल्या, 2020 मध्येही हरल्या आणि एप्रिल 2025 मध्ये 26 जागा घेऊन परत आल्या. विल्यम्सचा पक्ष 13 वर आला. हरलेला घरी गेला, जिंकलेल्याने शपथ घेतली. कामकाज संसदेच्या स्वतःच्या वाहिनीवर घरबसल्या दिसते. राजचिन्हावरची कोलंबसची तीन गलबते 2025 मध्ये उतरवून तिथे स्टीलपॅन हे वाद्य बसवायचे ठरले. गुन्हेगारीपायी आणीबाणी मात्र पुन्हा पुन्हा जाहीर होते: डिसेंबर 2024 मध्ये आधीच्या सरकारने केली, जुलै 2025 मध्ये नव्या सरकारने. एवढ्या बाबतीत दोन्ही पक्षांचे एकमत आहे म्हणायचे.

मला विचाराल तर हळहळ वाटावी अशी एकच गोष्ट गेली. घटना म्हणजे काय हे हमालाला तासभर समजावून सांगावे, आणि त्याने ते ऐकावे, असे वक्त्यालाही आणि हमालालाही वाटत होते. त्यापलीकडे 1971 च्या छत्तीसच्या छत्तीस जागांपेक्षा 26-13 आणि टोबॅगोतल्या पक्षाच्या दोन केव्हाही बऱ्या. घटनेतला परकेपणा मात्र अजून पुरता गेलेला नाही. कॅरिबियन न्यायालयाचे मुख्यालय 2005 पासून पोर्ट ऑफ स्पेनमध्येच आहे. बार्बाडोस आणि गयानाची शेवटची अपिले तिथे चालतात. त्रिनिदादचे शेवटचे अपील मात्र अजून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच जाते, आणि यावर चौकात सभा घ्यायला कुणी आल्याचे माझ्या ऐकिवात नाही.