भांगाचं पाणी

वसईचा समुद्र आतलं काही दाखवत नाही. राजोडीला ओहोटीच्या वेळी घोटाभर पाण्यात उभं राहिलं तरी स्वतःच्या पायाची बोटं दिसत नाहीत. ओंजळभर पाणी घेतलं आणि हात वाऱ्यावर सुकू दिले, की तळव्याच्या रेषांमध्ये मऊ राखाडी गाळ उरतो. दक्षिणेला उल्हास, उत्तरेला वैतरणा. दोघी वरून माती घेऊन येतात आणि मधल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी ती दिवसातून दोनदा ढवळून काढते. उधाणाला इथलं पाणी चार मीटरांहून जास्त चढतं-उतरतं. गाळाला खाली बसायला उसंतच मिळत नाही.

हे पाणी मला फार प्रिय आहे. गाळासोबत अन्न येतं, त्यावर सूक्ष्म जीव पोसतात, त्यांच्यावर जवळा आणि जवळ्यावर बोंबील. पाचूबंदरला बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घालतात, तेव्हा दोन-दोनांची जोडी करून, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून दोरीवर टाकतात. गाठ लागत नाही, सुतळी लागत नाही. माशाचे वाकडे बारीक दातच ते काम करतात. सकाळी टाकलेला बोंबील ओला, गुलाबीसर असतो, त्याच्यातून आरपार उजेड दिसतो. उन्हं खाऊन तो पिवळा आणि कडक होतो. खालून चालत गेलं, की डोक्यावर अख्खा समुद्र वाऱ्यानं खुळखुळत असतो.

अशा किनाऱ्यावर वाढलेल्या माझ्या भाचीला समुद्र आतून बघायचा होता, आणि तिच्यासोबत मलाही. स्कूबासाठी कुठं जायचं, यावर आमच्या घरी बरेच दिवस खल चालला. तिचं मन अंदमानवर बसलं होतं. २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. दोन्हीकडे बुडी मारण्याच्या उत्तम जागा आहेत. स्वराज द्वीप मोठं, सोयींचं. शहीद द्वीप लहान, शेतांचं, निवांत. “मावशी, तिथं वीस-वीस मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं गं,” ती म्हणायची. दोन्हींतून एक निवडायचं असतं, तर मी शहीद द्वीपच म्हटलं असतं. समुद्री गवत खाणारा, लाजाळू डुगाँग अंदमानच्या पाण्यात अजून आहे, आणि तो दिसला नाही तरी तो आहे त्या पाण्यात आपण उतरलो, एवढंही मला पुरलं असतं.

लक्षद्वीपचा विचार जास्त रेंगाळला. छत्तीस बेटं, वस्ती फक्त दहांवर, आणि सगळी जमीन मिळून बत्तीस चौरस किलोमीटर. म्हणजे वसई तालुक्याच्या एका कोपऱ्यात मावेल एवढी. ही बेटं प्रवाळानंच उभी केली. प्रवाळाच्या इवल्याशा देहात सूक्ष्म शैवाल राहतं, उन्हावर अन्न शिजवतं आणि घरमालकाला जगवतं. पाणी फार तापलं, की हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. १९९८, २०१०, २०१६ या सालांनी लक्षद्वीपला हे सोसायला लावलं. तिथं परवाना काढून जावं लागतं, हे मला योग्यच वाटतं. इतक्या लहान जमिनीवर आणि इतक्या शिणलेल्या प्रवाळावर माणसांनी जपूनच पाय ठेवावा.

पण मी मालवणवर अडून बसले, आणि ते केवळ खर्चाच्या हिशेबानं नव्हे. लक्षद्वीपचं निळं पाणी स्वच्छ असतं, कारण त्यात गाळ नाही आणि तरंगतं अन्नही फार थोडं. मालवणचं पाणी मधलं आहे. दक्षिणेकडे जावं तशी भरतीची उंची कमी होत जाते. मालवणला ती वसईच्या जवळजवळ निम्मी. गाळ आहे, पण पडदा विरळ. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला, त्याच परिसरातल्या खडकांवर प्रवाळ आहे. १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे. इथं नाजूक फांद्यांपेक्षा गोल, ठोकळ प्रवाळ जास्त. अंगावर गाळ बसला, की ते चिकट स्राव सोडून तो झटकतं आणि पुन्हा उन्हाकडे तोंड करतं. वर्षानुवर्षं, पावसाळ्यामागून पावसाळे. आमच्याच समुद्राच्या गढूळपणाशी झगडत जगणारा हा जीव मला आधी बघायचा होता.

रेल्वेचीही एक गोष्ट होती. खोल पाण्यात श्वास घेताना रक्तात नायट्रोजन मुरतो. वर आल्याआल्या विमानात बसलं, तर तिथल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एकापेक्षा जास्त बुड्या मारल्या असतील, तर विमानाआधी निदान अठरा तास थांबायला सांगतात. मालवणजवळच्या कुडाळहून गाडीनं परतायचं, तर त्यासाठी आख्खा दिवस काठावर काढावा लागत नाही. भाचीला हे पटलं. मग मी तिच्याकडून दोन शब्द घेतले: प्रवाळाला हात लावायचा नाही, आणि ज्या बोटीवरून मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात खाणं टाकतात, त्या बोटीवर चढायचं नाही.

उरली तारीख. ती वसईच्या शहाणपणावर ठरली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात असते, डोल जाळी भरतात, म्हणून आमचे कोळी त्या दिवसांची वाट बघतात. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग येतो. ओढ मंदावते, डोलीत मासा कमी येतो आणि तळाचा गाळ जरा शांत बसतो. मासेमाराचे हे रिकामे दिवस बुडी मारणाऱ्याला सोन्याचे. नाताळात वसईचं आणि मालवणचंही सगळं भरलेलं असतं, तेवढा आठवडा सोडला. भाची फोनवर हवेचा अंदाज बघत होती. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं आणि पौषातल्या अष्टमीवर बोट ठेवलं. तिनं त्याच आठवड्याची कुडाळची तिकिटं काढली.