एक बारीकसं अक्षर

दोस्तांनो, दप्तराच्या कप्प्यात एखादा रुपया असेल तर काढा बरं बाहेर. साल लिहिलंय ना, त्याच्या खाली नीट बघा. शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक टिकली दिसली, तर ते नाणं मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं. चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं!

डी.एड.ला होते तेव्हापासून मला नाण्यांचा नाद आहे. डोंबिवलीच्या आमच्या शाळेत चौथीच्या वर्गाला मी ही खूण दाखवली आणि मधल्या सुट्टीत जिकडे तिकडे चिल्लरच चिल्लर झाली. त्यातच एक मुलगा पत्र्याची डबी घेऊन आला. आत त्याच्या आजोबांची नाणी होती. आजोबा कळव्याला एका जर्मन कंपनीच्या कारखान्यात फिटर होते. कंपनीनं त्यांना शिकायला काही महिने जर्मनीला धाडलं होतं, तेव्हाची ही उरलेली मोड. आजोबा आता नाहीत.

"बाई, पप्पा म्हणतात यातलं एक सात लाखांना जाणार!"

संध्याकाळी पप्पाच आले. रिक्षा चालवतात. त्यांच्या मोबाइलवर निरोप आला होता. १९५० सालचं जर्मनीचं पन्नासचं नाणं असेल तर सात लाख रुपये मिळतील, मात्र आधी नोंदणीचे एकवीसशे भरा. पैसे त्याच रात्री पाठवायचे होते. "बाई, एकदा बघून सांगता का?" एवढंच ते म्हणाले.

निरोप अगदीच हवेतला नव्हता, हीच तर पंचाईत! गोष्ट अशी की महायुद्धात हरलेल्या जर्मनीचे चार तुकडे चार देशांच्या ताब्यात गेले. पश्चिमेकडच्या तीन तुकड्यांत २० जून १९४८ ला नवा पैसा आला, डॉइच मार्क. एका मार्कचे शंभर फेनिग. सुरुवातीला माणशी फक्त चाळीस मार्क हातात मिळाले. पण पश्चिम जर्मनी हा देश जन्मला मे १९४९ मध्ये. म्हणजे पैसा आधी आणि देश नंतर! मग नाण्यावर नाव कुणाचं घालायचं? बँकेचं घातलं, 'बँक डॉइचर लेंडर'. १९५० पासून त्या जागी 'बुंडेसरेपुब्लिक डॉइचलांड' हे देशाचं नाव आलं. टांकसाळी चार. म्युनिकची खूण डी, श्टुटगार्टची एफ, कार्ल्सरूएची जी आणि हाम्बुर्गची जे.

आता कार्ल्सरूएला काय झालं, तर १९५० साली तिथं पन्नास फेनिगची सुमारे तीस हजार नाणी चुकून बँकेच्या जुन्या नावानं पडली. संग्राहक ती शोधत असतात आणि एकेका नाण्याला काहीशे युरो मोजतात. सात लाख मात्र नाही हं!

डबीत पन्नास फेनिगचं एकच नाणं होतं. त्यावर गुडघा टेकून ओकचं रोप लावणारी बाई आहे. नाण्याचे चित्रकार रिचर्ड मार्टिन वेर्नर यांनी त्यासाठी आपल्या बायकोलाच समोर बसवलं होतं, गेर्डा तिचं नाव. मला हे चित्र राजामुकुटांच्या नाण्यांपेक्षा कितीतरी आवडतं. साल बघितलं, १९५०. भिंगाखाली अक्षर बघितलं, जी! पप्पा खुर्चीवरून उठलेच. मी भिंग मुलाच्या हातात दिलं आणि म्हटलं, "कडेचं नाव वाच. बी नंतर काय आहे? ए आला तर बँक, यू आला तर देश."

तो बराच वेळ वाचत होता.

"यू आहे, बाई."

तशी नाणी कोट्यवधी पडली आहेत. जर्मनीत २००२ पासून युरो चालतात. तिथली मुख्य बँक अजूनही जुने मार्क बदलून देते, १.९५५८३ मार्कांना एक युरो. त्या हिशेबानं पन्नास फेनिगचे झाले पंचवीस सेंट. म्हणजे फडके रोडवर जेमतेम एक वडापाव! पप्पा हसले नाहीत. पण एकवीसशे रुपये वाचले. अशा खरेदी-विक्रीसाठी आपण कुठलीही फी घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. तेही मी त्यांना दाखवलं.

डबीतली बाकीची नाणी आम्ही चुंबकानं तपासली. पाच आणि दहा फेनिग पटकन चिकटले, कारण आत पोलाद आणि वर पितळेचा मुलामा. पाच मार्कचं १९५१ चं नाणं मात्र चिकटेना. १९७५ पासूनचं पाच मार्क चुंबकाला चिकटतं, त्याआधीचं चांदीचं, वजन ११.२ ग्रॅम आणि त्यात चांदी सात ग्रॅम. हे कळताच मुलगा चिंच आणायला पळणार होता. मी त्याला धरून बसवलं. घासलेल्या नाण्यावर ओरखडे उठतात आणि संग्राहक ते हातातही घेत नाही.

तळाशी आणखी एक होतं. ॲल्युमिनियमचं, आपल्या जुन्या दहा पैशांसारखं हलकं, त्यावर हातोडा आणि कंपास. हे पूर्व जर्मनीचं. आजोबा बर्लिन बघायला गेले असतील. १९९० साली तो देशच उरला नाही, त्यामुळे हे नाणं आता कुठलीच बँक बदलून देत नाही. मुलानं नेमकं तेच खिशात टाकलं. पाच मार्कचं पप्पांनी रुमालात बांधलं. "चांदीचा भाव बघतो," म्हणाले.