बेरशेबातली बाग

अलिबागला वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस. आमच्या बेरशेबात जेमतेम 200, तोही हिवाळ्यात. म्हणून इथं रोप आणताना आधी पाण्याचा विचार करावा. डाळिंब, ऑलिव्ह, रोझमेरी खुशाल जमिनीत लावा. एकदा मुळं धरली की थोड्या पाण्यावर जगतात. कढीपत्ता, मोगरा मात्र कुंडीतच बरे. उन्हाळ्यात त्यांना दुपारची सावली हवी, थंडीत भिंतीचा आडोसा.

इथल्या मातीवर पापडी धरते, ओतलेलं पाणी वाहून जातं. त्याला उपाय ठिबक, सलाईनसारखं थेंबथेंब. ठिबकची कंपनी 1965 साली जवळच्याच हात्झेरीम किबुत्झमध्ये निघाली.

मुलांनो, आम्हां म्हाताऱ्यांना आता कुंडी उचलवत नाही. ती तुम्ही हलवलीत, तरच आजीच्या फोडणीत ताजा कढीपत्ता पडेल.