सोंड आणि सोंग

मेला म्हणून काचपट्टीवर आडवा ठेवलेला टोका त्रेसष्टाव्या फोटोनंतर उठून चालायला लागला. रात्रीचे पावणेतीन वाजले होते. अजून सत्तावन्न फोटो व्हायचे होते. मी बोटांत नॉब धरून तसाच बसलो आणि तो तीन मिलिमीटरचा प्राणी पट्टीच्या कडेवरून टेबलावर उतरून निघून गेला.

टोका म्हणजे तांदळातला. कुणी पोरकिडा म्हणतं, शेतकी पुस्तकात सोंडकिडा म्हणतात. धक्का लागला की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग घेतो, हे पुस्तकातच पुढच्या ओळीत लिहिलेलं होतं. मी ती ओळ दुसऱ्या दिवशी वाचली.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. बावीस वर्षं झाली. आमच्याकडे शॅडोग्राफ असतो. पार्ट काचेवर ठेवायचा, खालून उजेड टाकायचा, की पडद्यावर त्याची वीसपट सावली पडते. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्या काचेवरून मुंगी गेली आणि पडद्यावरून तळहाताएवढी मुंगी चालत गेली. पायांवरचे केससुद्धा दिसले. त्या दिवशी पार्ट किती पास केले आणि किती रिजेक्ट, ते आठवत नाही. मुंगी आठवते.

वर्तमानपत्रांत युवराज गुर्जरांचे किड्यांचे फोटो बघत आलो होतो. पण ते रानात हिंडून जिवंत किडे टिपतात. मला शॅडोग्राफच्याही आत शिरायचं होतं. अडचण एकच, आणि ती भौतिकशास्त्राची. मायक्रोस्कोपची चारपट मोठं दाखवणारी साधी भिंग-नळी कॅमेऱ्याला लावली, तर एका फोटोत स्पष्ट येतो तो फक्त पंचावन्न मायक्रॉनचा थर. एका केसाच्या जाडीइतका. त्याच्या पुढचं धुकं, मागचंही धुकं. किड्याचा डोळा धरला तर सोंड जाते, सोंड धरली तर डोळा. छिद्र बारीक करून खोली वाढवावी म्हटलं तर प्रकाशच पसरतो आणि सगळंच मऊ पडतं. मग उपाय काय, तर काकडीच्या चकत्या कराव्यात तसं करायचं. दर खेपेला वीस मायक्रॉन पुढे सरकायचं, फोटो काढायचा, पुन्हा सरकायचं. अडीच मिलिमीटरला थोडं कमी अशा खोलीला एकशेवीस फोटो. नंतर कॉम्प्युटर प्रत्येक चकतीतला स्पष्ट भाग तेवढा उचलतो आणि काकडी परत उभी करतो. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात.

सरकायचं कशावर? तयार रेलच्या किमती बघून मी लॅपटॉप मिटला आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तिथे एक डोळा नसलेला अंबाला छाप मायक्रोस्कोप मिळाला. बारीक फोकसचा नॉब मात्र शाबूत. घरी आणून डायल लावून तपासला. एका फेऱ्यात बरोबर 0.2 मिलिमीटर, नॉबवर शंभर खुणा, म्हणजे एक खूण दोन मायक्रॉन. प्ले सहा खुणांचा होता. उलट फिरवलं की पहिल्या सहा खुणा हवेत जातात, म्हणून नेहमी एकाच दिशेने फिरवायचं. लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

भिंग-नळीचे आटे मेट्रिक नसतात. व्यास 20.32 मिलिमीटर, म्हणजे 0.8 इंच, आणि इंचाला छत्तीस आटे. इंग्रजांच्या काळातलं माप, अजून जगभर तेच चालतं. भोसरीत एका शेडमध्ये अ‍ॅडॅप्टर करून घेतला तेव्हा टर्नरने तीनदा विचारलं, ‘साहेब, हा कुठल्या गाडीचा पार्ट?’ टोक्याचा, असं सांगायला धीर झाला नाही. मधली नळी म्हणून प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप, आतून काळं मखमल.

यंत्र झालं, पण घर स्थिर नव्हतं. पिंपळे सौदागरात सातव्या मजल्यावर राहणाऱ्याला आपली इमारत हलते हे कधी कळत नाही. मला कळलं. आधी मी टेबल-लॅम्पच्या उजेडात अर्ध्या सेकंदाचा फोटो काढायचो. लिफ्ट थांबली, वरच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनने गिरकी घेतली, खाली टँकर आला, पंप चालू झाला, की ते सगळं फोटोत उतरायचं. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात पंपाची वेळ पाठ होते. शेवटी फ्लॅश घेतला. त्याचा उजेड इतका क्षणिक की कंप पकडायला वेळच नाही. तो बोचू नये म्हणून टेबल-टेनिसचा अर्धा चेंडू किड्यावर घुमटासारखा ठेवला. तरी मी रात्रीच बसतो. सवय झाली, आणि त्या वेळी कुणी काही विचारत नाही.

आता टोका. आईने मावळातून इंद्रायणी आणला होता. याच वाणाच्या जन्मगावातून, वडगावजवळून. श्रावणातल्या दमट हवेत डब्यात टोके झाले. आईला ती बेअब्रू वाटली. मी डबा बघून खूश झालो, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

‘कडुनिंबाचा पाला घातला होता मी,’ ती म्हणाली. ‘पण तांदळातच होतात ना रे ते. बाहेरून थोडेच येतात?’

हे म्हणणं जुनं आहे. युरोपातही धान्य आपोआप किडे जन्माला घालतं असंच मानत. सतराव्या शतकात डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने, जो धंद्याने कापडवाला होता, गव्हातल्या सोंडकिड्यांचा पिच्छा पुरवला आणि ते अंड्यातूनच येतात हे दाखवलं. पण आई अर्धी बरोबर आहे. मादी सोंडेच्या टोकाच्या जबड्यांनी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं ठेवते आणि वरून चिकट स्रावाने भोक बुजवते. अळी आतच खाते, आतच कोश करते. बाहेर पडतो तो थेट टोका. अख्ख्या दिसणाऱ्या दाण्यातून.

चालत गेलेल्या टोक्यानंतर मी दुसरा फ्रीझरमध्ये ठेवला, औषधाच्या डबीत. थंडीने मंद होईल म्हणून. लेव्हेनहूकच्याच काळातल्या रॉबर्ट हुकने मायक्रोस्कोपखाली मुंगी स्थिर राहावी म्हणून तिला ब्रँडीत बुडवली होती, त्यामानाने हे सभ्य. बायकोला मटाराच्या पिशवीशेजारी डबी दिसली आणि ‘अहो, हे काय आहे?’ एवढ्यावर तो प्रयोग संपला. मग मी डब्याच्या तळाशी खरोखर मेलेला शोधला. मेलेला आहे याची खात्री चोवीस तास केली.

त्याला स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशने पुसलं, सुईच्या टोकावर चिकटवला, आणि लगेच सुरू केलं. ती चूक. वीस मिनिटांत ओले सांधे वाळत गेले आणि मिशी हळूहळू खाली झुकली. जोडलेल्या चित्रात त्याला एका बाजूला तीन मिशा आल्या. पुन्हा रात्रभर वाळवला, पुन्हा एकशेवीस.

आणि मग तो दिसला. छातीवर गोल खळगे, नुकत्याच टाकी लावलेल्या जात्यासारखे, आणि प्रत्येक खळग्यात एक आखूड पिवळा केस. पंखांच्या कवचावर खाचांच्या सरळ ओळी, आणि गंज धरल्यासारखे चार डाग. कोपरात वाकलेली मिशी, टोकाला गाठ. सोंडेच्या टोकावर पिठाचा कण, मी पुसूनही राहिलेला. हे टणक काळपट कवच तो एकटा बनवत नाही. पोटातले जिवाणू त्यासाठी लागणारा मालमसाला पुरवतात, आणि कवच पक्कं झालं की तो त्यांना संपवून टाकतो. ठेकेदाराशी असला व्यवहार करणारे मी पाहिलेत.

डाव्या पुढच्या पायाची नखी तुटलेली होती. भाचा म्हणाला, ‘मामा, उजव्याची कॉपी करून उलटी लाव, कळणार नाही कुणाला.’ मला पार्ट न मोजताच टेबलावर बसून भरलेले इन्स्पेक्शन रिपोर्ट आठवले. तो म्हणाला, मग हा सगळा फोटोच खोटा आहे, असा टोका एका क्षणी कुणालाच दिसत नाही. खरं आहे. पण आमचं सीएमएम यंत्रही भोकाचा गोलपणा एकेक ठिपका शिवूनच काढतं, आणि त्याला कुणी खोटं म्हणत नाही. जोडलेल्या चित्रात एका केसाची दुहेरी सावली आली होती, तो केस मी ज्या फोटोत एकच होता, तिथून रंगवून घेतला. ते घेतलेल्या रीडिंगपैकी योग्य रीडिंग निवडणं. नखीचं रीडिंग मी घेतलंच नव्हतं. नखी तुटकीच राहिली.

सकाळी आईला दाखवला. तिने चष्मा पुसला, स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिली. तिला खळगे, केस, डाग यातलं काही दिसलं की नाही कुणास ठाऊक.

‘याच्या तोंडाला पीठ आहे,’ ती म्हणाली.

मग ती तांदूळ गच्चीवर उन्हात घालायला निघाली. पाऊस थोडा उघडला होता. दारात थांबली आणि म्हणाली, ‘ते औषधाचं डबडं कुठाय रे? मेलेले निघाले तर बाजूला ठेवते. पण फ्रीझरमध्ये नाही हं.’