गोठ्यातली जीप

दोस्तांनो, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही काय करता? किल्ला बांधता, फराळ हाणता, मामाच्या गावाला जाता. हो ना? आम्हीही मामाच्याच गावाला गेलो होतो. पण आमची दिवाळी गेली गंज खरवडण्यात! ती कशी, तेच आज सांगतो.

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की मांजरसुंब्याचा घाट येतो. घाट चढून वर आलं की बालाघाटाचं पठार. मुरमाड जमीन, बाभळी, बोरी आणि ज्वारीची रानं. पाऊस इथं बेताचाच. एका फाट्यावरून आत वळलं की माझ्या मामांचं गाव. दिवाळी झाली की या भागातली गावं निम्मी रिकामी होतात. माणसं कोयते आणि भांडीकुंडी घेऊन ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि कुत्री.

मामांनी गुरं कमी केली होती. जुना गोठा उतरवून तिथं पत्र्याची खोली बांधायचा बेत होता. म्हणून आम्ही सगळे कडब्याच्या पेंढ्या बाहेर काढत होतो. एवढ्यात माझी धाकटी ओरडली, "बाबा, इथं डोळा आहे!"

डोळा कसला, तो होता मोटारीचा दिवा! पेंढ्या हलवल्या तशी आख्खी जीप दिसायला लागली. टायर मातीत बसलेले, सीटच्या चिंध्या झालेल्या आणि मागच्या बाजूला कोंबडीनं अंडी घातलेली. बीडच्या गाड्यांवर आज 'एमएच २३' असतं. या पाटीवर त्याच्याही आधीच्या काळातली अक्षरं होती.

मामा म्हणाले, "उद्या भंगारवाला येणार आहे. किलोवर नेईल. गोठा तरी मोकळा होईल."

उंच बॉनेटची गाडी

आता ही जीप मुळात आली कुठून? गोष्ट आहे १९४० सालची. दुसरं महायुद्ध पेटलं होतं. अमेरिकेच्या लष्कराला हलकी, चिवट आणि चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं अवघ्या ४९ दिवसांत पहिला नमुना करून दाखवला. पुढं विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या.

१९४५ साली महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. पुढं मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग जोडायला सुरुवात झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं.

आमच्या गोठ्यातली जीप होती 'सीजे-३बी' या जातीची. ती ओळखायची खूण सांगू? तिचं बॉनेट नेहमीच्या जीपपेक्षा उंच असतं. कारण काय, तर आतलं इंजिनच उंच! आधीच्या इंजिनात सगळ्या झडपा बाजूला असायच्या. या इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा डोक्यावर आल्या, ताकद वाढली आणि त्यांना जागा हवी म्हणून बॉनेट वर गेलं.

"पण आपल्याकडे कशी आली?" थोरल्यानं विचारलं.

मामा पेंढीवर बसले. १९७२ सालच्या दुष्काळात मराठवाड्यात पाणी नव्हतं, रानात काडी नव्हती. लाखो माणसं रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामावर खडी फोडायला गेली. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो मिळायचा. त्या वेळी ही सरकारी जीप पठारावरच्या कामांवर फिरायची. पुढं ती लिलावात निघाली आणि माझ्या आजोबांनी चार जणांकडून उसने पैसे घेऊन ती आणली.

"आणि या रेघा कसल्या?" धाकटीनं डॅशबोर्डवरची धूळ पुसली होती. पत्र्यावर खिळ्यानं ओढलेल्या उभ्या रेघा होत्या. तिनं मोजल्या. एक्केचाळीस!

मामा थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "रात्री-अपरात्री गावात कुणी आजारी पडलं, कुणाला पान लागलं, कुणी बाळंतीण अडली, की दादा हीच गाडी काढायचे. बीडच्या दवाखान्यात पोचवून आले की एक रेघ ओढायचे. मी विसरलोच होतो बघ."

पान लागणं म्हणजे साप चावणं, बरं का! दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. त्याला चहा मिळाला, जीप नाही मिळाली.

"बेटा, जोर लावू नको"

ठेवायची म्हटलं, पण दुरुस्त कोण करणार? बीडमध्ये एक म्हातारे मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचा आले, गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि थेट खाली वाकून पाहिलं.

"वरून बरी आहे. खालून गेली आहे," ते म्हणाले.

असं का? विचार करा! लोखंडाला ऑक्सिजन आणि पाणी मिळालं की गंज चढतो. आपल्या पठारावरची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी, म्हणून वरचा पत्रा टिकला. पण खाली गोठ्याची ओल होती, शेण आणि गोमूत्र होतं. त्यातले क्षार गंजाचा वेग वाढवतात. म्हणून पायाखालचा पत्रा पापडासारखा तुटत होता. शिवाय गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. नट-बोल्ट जाम होतात ते त्यामुळेच!

जीपला पुढून हँडल मारायची सोय असते. थोरल्यानं उत्साहानं हँडल घातलं आणि सगळी ताकद लावली. चाचांनी त्याचा हात धरला. "बेटा, जोर लावू नको. आत पिस्टन चिकटला असेल तर तोडून ठेवशील."

त्यांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात तेल आणि डिझेल ओतलं आणि म्हणाले, "आता आठ दिवस हात लावायचा नाही." पेट्रोलची टाकी या जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती सगळ्यात आधी काढून दूर नेली. जुन्या टाकीतली वाफही पेट घेऊ शकते. पत्रा लागून माझं बोट कापलं तेव्हा मामींनी मला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पिटाळलं. तुम्ही असलं काही करायला गेलात तर मोठ्या माणसांशिवाय जाऊ नका आणि हातमोजे विसरू नका!

लाल रंगाचं भांडण

आठ दिवस नुसतं बसून काय करायचं? आम्ही पाटोदा, जामखेड करत नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेलो. वाटेत सौताड्याचा धबधबा पाहिला. अहिल्यानगरला लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ साली ते सुरू झालं. माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, आपला 'विजयंता' आणि पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटनसुद्धा तिथं उभा आहे. मुलं एकेका रणगाड्यापुढची पाटी वाचत होती. कुठला देश, कुठलं युद्ध!

परत येताना थोरला म्हणाला, "बाबा, आपण जीपला लालभडक रंग देऊ. रुंद टायर लावू. डॅशबोर्डपण नवा बसवू."

"आणि रेघा?" धाकटीनं विचारलं. झालं! गाव येईपर्यंत दोघांचं भांडण.

तेव्हा मी त्यांना एका अमेरिकन मोटारीची गोष्ट सांगितली. तिकडं १९६० च्या दशकात 'मसल कार' निघाल्या. मध्यम आकाराची गाडी आणि तिच्यात भलं दांडगं इंजिन! १९६८ सालच्या 'बुलिट' सिनेमात स्टीव्ह मॅक्वीन या नटानं अशीच एक हिरवी फोर्ड मस्टँग पळवली. १९७४ साली एका साध्या कुटुंबानं ती विकत घेतली आणि रोजच्या कामाला वापरली. मॅक्वीननं पत्र लिहून परत मागितली, तरी दिली नाही. पुढं ती बिघडली आणि वर्षानुवर्षं झाकून पडली. त्या घरच्या मुलानं ती पुन्हा चालती केली, पण रंग दिला नाही. पोचे ठेवले, सिनेमाच्या वेळी कॅमेऱ्यासाठी पाडलेली भोकंही ठेवली. २०२० साली तिला लिलावात ३७ लाख ४० हजार डॉलर मिळाले!

"नवीकोरी केली असती तर?" मी विचारलं.

"तर ती कुठलीही मस्टँग झाली असती," थोरला हळूच म्हणाला.

आपला कायदाही असंच काहीसं म्हणतो. २०२१ सालच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या कामाला मात्र वापरायची नसते. ती प्रदर्शनं आणि मोटार-मेळावे यांसाठीच!

यातली एक माझी

आठ दिवसांनी चाचांनी हँडल हलकेच मागं-पुढं केलं. एकदा, दोनदा, दहादा. आणि कट् असा आवाज होऊन इंजिन फिरलं! पण लगेच सुरू झालं असं समजू नका. खालचा पत्रा कापून नवा जोडायचा होता, ब्रेक, वायरी, टायर सगळंच बदलायचं होतं. काही भाग छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या बाजारात सापडले, काही चाचांनी घरीच घडवले. त्यात हिवाळा गेला.

मे महिन्यात आम्ही पुन्हा गावी गेलो. तोवर ऊसतोडीची माणसंही परतली होती. चाचांनी स्टार्टर मारला. जीप दोनदा खोकली, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागली. पोरं नाचायला लागली! कागदपत्रं अजून व्हायची होती, म्हणून रस्त्यावर न्यायची नाही असं ठरलं होतं. मामांनी ती गोठ्यातून बाहेर काढून अंगणातल्या लिंबाखाली उभी केली. रंग तोच जुना, विटका. डॅशबोर्डला फक्त तेलाचा हात दिलेला.

संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. त्यांनी डॅशबोर्डवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "यातली एक माझी आहे. मला पान लागलं होतं. कोणती रेघ ते नाही सांगता यायचं."

मग धाकटीनं वही आणली आणि वर तारीख घातली. ज्याला आपली रेघ आठवते, त्यानं येऊन गोष्ट सांगायची, ती लिहून घेणार. सुट्टी संपेपर्यंत सात गोष्टी झाल्या. अजून चौतीस बाकी आहेत.

तुमच्या आजोळी गोठ्यात, माळ्यावर, परसात काय पडलंय? भंगारवाल्याची हाक येण्याआधी एकदा आजोबांना विचारून ठेवा बघू!