दाराच्या तळाशी

हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव उघड्या वाळूवर होतो. होड्या थेट काठाला लागत नाहीत. गुडघाभर पाण्यात बैलगाड्या उभ्या राहतात, पाट्या त्यांवर चढतात आणि किनाऱ्यावर येऊन रित्या होतात. समोर सुवर्णदुर्ग असतो, पण त्याच्याकडे पाहण्याची सवड तेथे कोणालाच नसते. वरच्या अंगाला बर्फ घेऊन आलेल्या गाड्यांची रांग लागलेली असते. २०१५ च्या दसऱ्यापासून त्या रांगेत माझ्या धाकट्या भावाचा लहानसा ट्रकही उभा राहू लागला.

चौदा वर्षे त्याने दुसऱ्याची गाडी चालवली होती. ही कर्जाची का होईना, पण स्वतःची. मासळीची गाडी म्हणजे खाऱ्या पाण्याची गाडी. बर्फ वितळतो, मासळीचा खार त्यात उतरतो आणि ते पाणी वाटभर हौद्यातून ठिबकत राहते. त्यामुळे पुण्याची फेरी करून भाऊ कितीही उशिरा परतला, तरी गाडी गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय जेवायला बसत नसे. मे महिन्यात विहीर तळाला जाई. भावजय म्हणे, "माणसांना प्यायला राहू दे, मग गाडीला घाला." तो ऐकून घेई आणि दोन कळश्या कमी ओढी, पण धुणे चुकवीत नसे. मी त्याला हसत असे, हे आज कबूल केले पाहिजे.

२०१७ च्या श्रावणात ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या खालच्या कडेला मसुरीच्या दाण्याएवढे दोन फोड दिसले. नखाने दाबताच रंगाची पापडी निघाली आणि तांबूस पाणी आले. गणपतीपर्यंत फोडांची ओळ झाली. दुसऱ्या दारालाही तेच. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पत्र्याच्या गंजाबद्दल तीन वर्षांची हमी होती. ते पान भावाने खूण घालून ठेवले होते. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हते. मी वाचून दाखवले. हमी होती, परंतु पत्रा आतून गंजून आरपार गेला तरच. आणि खालच्या बारीक अक्षरांत सागरी हवा, मीठ, रसायने व पक्ष्यांची विष्ठा यांनी आलेला गंज वगळला होता. कोकणात गाडी विकणाऱ्याने सागरी हवा वगळावी, म्हणजे वऱ्हाडात छत्री विकून उन्हाची हमी नाकारण्यासारखेच झाले.

कंपनीच्या दुरुस्तीकेंद्रात एका तरुणाने वाकून दार पाहिले आणि आदबीनेच सांगितले, "काका, गाडी समुद्रावर नेता. धूत नसाल. आरपार भोक पडले, तर घेऊन या." भाऊ काही बोलला नाही. परतीच्या वाटेवर दापोली येईपर्यंतही बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, "दादा, भोक पडायची वाट बघायची?" पण त्याला लागले होते ते 'धूत नसाल' हे वाक्य.

खरे कारण सांगितले ते पत्र्याचे काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने. त्याने दाराचे आतले पुठ्ठ्याचे अस्तर काढले आणि बोट आत घालून ओला चिखल बाहेर काढला. काच खाली-वर होते त्या फटीतून प्रत्येक दारात पाणी उतरतच असते. ते वाहून जावे म्हणून दाराच्या तळाशी भोके ठेवलेली असतात. या दाराला तीन होती. त्यांतली दोन सांधे बुजवण्याच्या लुकणाने बंद झाली होती, आणि त्या लुकणावर गाडीच्याच रंगाचा थर होता. म्हणजे रंग चढण्यापूर्वीच, कारखान्यात, ती बुजली होती. तिसऱ्या भोकाशी चिखल साचला होता. रोज रात्री भाऊ ज्या निष्ठेने पाणी ओतत होता, त्यातले काही दारात मुक्कामाला राहत होते.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा, त्यात दोन दर्शक द्रव्ये मिसळलेली असायची; थोड्या वेळाने थेंबाच्या कडेला गुलाबी आणि मध्यभागी निळा रंग उमटे. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग मुलांना फार आवडे. निळा रंग विरघळणाऱ्या लोखंडाचा. थेंबाच्या कडेला हवा भरपूर मिळते, तेथे लोखंड वाचते. मध्यभागी प्राणवायू कमी पोचतो आणि लोखंड तेथेच झिजते. चिखलाखाली, सांध्यात, दुमडलेल्या पत्र्याच्या घडीत हेच घडते. मीठ पाण्याची वीज वाहून नेण्याची शक्ती वाढवते, म्हणून सारे वेगाने होते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून रंग फुगतो. म्हणजे बाहेर फोड दिसतो तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते. हे सगळे मी फळ्यावर लिहीत आलो. भावाच्या दाराकडे पाहताना मात्र मलाही आधी समुद्रच दिसला होता, आणि क्षणभर मीही मनात म्हटले होते, याने कधीतरी धुवायचे टाळले असेल.

त्या अपराधाची भरपाई म्हणून मी पत्रे लिहू लागलो. भोकांची छायाचित्रे, मिस्त्रीचे निवेदन, फेऱ्यांची वही. मराठी पत्राला इंग्रजी उत्तर आले: वाहन व्यापारी उपयोगाचे आहे. तेव्हा १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होता, आणि व्यापारी हेतूने वस्तू घेणारा त्यात ग्राहक ठरत नसे. परंतु स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या अपवादातून सोडवलेली होती. १९९५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चालवण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेणाऱ्याचे उदाहरण देऊन हे स्पष्टही केले होते. दापोलीच्या एका वकिलांनी हे दाखवले तेव्हा भाऊ प्रथमच हसला. "म्हणजे मी गिऱ्हाईक आहे तर!" तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा मंचाकडे जाणे भाग होते. कागद तयार झाले.

त्याआधीच, २०१८ च्या जून महिन्यात, कंपनीचा अभियंता आला. रंगाची जाडी मोजण्याचे लहानसे यंत्र त्याने दारावर ठिकठिकाणी टेकवले, भोकांत दिवा धरून पाहिले आणि बराच वेळ गप्प राहिला. माणूस प्रामाणिक असावा. पंधरा दिवसांनी पत्र आले: हमी लागू होत नाही, तथापि सदिच्छा म्हणून दोन्ही दारे बदलून देण्यात येतील. सोबत सहीसाठी एक कागद होता. गंज बाह्य कारणांनी आला आणि वाहनधारकाची कोणतीही तक्रार उरलेली नाही, असे त्यात लिहिले होते.

मी म्हटले, सही करू नकोस. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठणार होती. बंदीचे दोन महिने गाडी उभी, हप्ते मात्र चालू. मंचापुढे गेलो तर निकाल लागेपर्यंत दारे पुरावा म्हणून तशीच ठेवावी लागतील, असे वकील म्हणत होते. भावाने कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. 'बाह्य कारणांनी' या शब्दांवर त्याने बोट ठेवले. "हे खोटं आहे ना, दादा?" मी हो म्हटले. मग त्याने सही केली. त्या रात्री मी त्याच्याशी नीट बोललो नाही. माझे पेन्शन दरमहा बँकेत जमा होत होते, हे मला फार उशिरा सुचले.

नवी दारे नारळी पौर्णिमेच्या आधी बसली. रंगात किंचित फरक आहे, उन्हात दिसतो. गाडी धुण्याचा नेम अजून सुटलेला नाही. धुऊन झाले की भाऊ माडाच्या झावळीचा एक हीर सोलतो, जमिनीवर आडवा होतो आणि दोन्ही दारांच्या तळाची भोके एकेक करून मोकळी करतो. पाण्याची धार नीट लागली की हीर कुंपणात टाकतो आणि जेवायला येतो.